मधला चेंडू

"तो चेंडू कुणाचा होता, बाई?"

बाई शेणकाला कालवत होत्या. बादलीत कोपरापर्यंत हात. त्यांनी वर पाहिलं नाही.

मी पुन्हा विचारलं.

"पाणी घाल," त्या म्हणाल्या. "बेतानं... बास."

मी तांब्या खाली ठेवला. "बाई, मी पुण्याहून सहा तास प्रवास करून या एका प्रश्नासाठी आलेय."

"मग सहा तासांत सुटला नाही?"

बाई म्हणजे एस्तेर शांतवन. मिरजेत, चर्चच्या मागे, निलगिरीच्या झाडांमध्ये मातीचं एक टेनिस कोर्ट आहे. मुलींच्या शाळेत चाळीस वर्षं कवायत शिकवून उरलेलं आयुष्य बाईंनी या कोर्टावर घालवलं. आता चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. दर गुरुवारी कोर्ट सारवतात. शेण, लाल माती, पाणी. सारवलं नाही तर माती उडते आणि चेंडू वेडावाकडा उसळतो.

मी नऊ वर्षांची असताना इथेच पहिल्यांदा रॅकेट धरली. रेश्मा मुजावरनेही. आम्ही दोघी जोडीने खेळायला लागलो त्याला कारण एकच. कोर्ट एक होतं आणि मुली पुष्कळ होत्या.

पुढे मी अमेरिकेत शिकायला गेले. सहा वर्षं राहिले, तिथल्या कॉलेजच्या संघातून खेळले. रेश्मा इथेच राहिली. गेल्या जूनमध्ये मी परत आले. तिथे राहणं सोपं होतं, तरी आले. इथल्या मुली कुणाहून कमी नाहीत, फक्त त्यांना कुणी शास्त्र शिकवलेलं नाही, अशी माझी खात्री होती. ते शास्त्र मी शिकून आले होते.

पुण्यात उतरल्यावर पहिला फोन मी रेश्माला केला होता. "आपण दोघी," मी म्हणाले होते. "पुन्हा."

आणि दहा दिवसांपूर्वी तो चेंडू आला.

राज्य स्पर्धा. महिला दुहेरीचा अंतिम सामना. निर्णायक टायब्रेकमध्ये आम्ही नऊ-आठने पुढे होतो. दहावा गुण मिळाला की चषक आमचा. समोरून चेंडू आला, आमच्या दोघींच्या मधून. जोरात नव्हता. इतका सावकाश, की त्यावर छापलेलं नाव वाचता आलं असतं.

मी रेश्माकडे पाहिलं. रेश्माने माझ्याकडे पाहिलं.

चेंडू गेला.

पुढचे दोन गुणही गेले.

"व्हिडिओ आहे," मी बाईंना म्हणाले. "बघता का?"

"धर समोर. माझे हात बघतेस ना कसे आहेत."

मी फोन त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. बाईंनी तो तुकडा तीनदा पाहिला. मान डावीकडे कलती करून, उजवीकडे कलती करून.

"ती उंच खुर्चीत बसलीय ती कोण?"

"पंच आहे, बाई."

"झोपलीय."

"बाई, चेंडूकडे बघा ना!"

"बघितला की. गेला." त्यांनी पुन्हा बादलीत हात घातला. "आवाज का नाही?"

"मी बंद केलाय. लोकांचा गोंगाट आहे नुसता."

"लाव."

मी आवाज लावला. गोंगाट होता. चेंडू आमच्या मधे आला तेव्हा मात्र सगळं मैदान गप्प झालं. आम्हीही.

"दोघी मुक्या," बाई म्हणाल्या.

"तेच तर! घेणारीने 'माझा' म्हणून ओरडायचं, असा आमचा नियम आहे."

"नियम कुणी केला?"

"मी. परत आल्यावर." मला थोडं बरं वाटलं. निदान चर्चा मुद्द्यावर आली होती. "सगळे नियम मी वहीत लिहून काढलेत, बाई. सर्व्हिसच्या आधी पाठीमागे बोटांनी करायच्या खुणा. कुणी कधी नेटवर जायचं. आणि मधला चेंडू. जिचा फोरहँड मध्यावर येतो, तिने तो घ्यायचा. जगभर हेच शिकवतात. मी उजव्या बाजूला खेळते, रेश्मा डाव्या बाजूला. म्हणजे मध्यावर फोरहँड तिचा."

"म्हणजे तिचा चेंडू."

"नियमाने, हो."

"मग मला कशाला विचारतेस?"

...

खरं काय ते मला माहीत होतं. चेंडू रेश्माचा होता असं बाईंच्या तोंडून ऐकायला मिळालं असतं, तर माझं काम सोपं झालं असतं.

कारण आता राष्ट्रीय स्पर्धा होती. देशातली सगळ्यांत मोठी. महिला दुहेरीच्या जोड्यांची नावं त्याच दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत द्यायची होती. माझं नाव नक्की होतं. त्याच्या शेजारची जागा रिकामी होती.

आणि दिल्लीची गुरलीन मला फोन करत होती. क्रमवारीत ती माझ्या बरीच वर. तिची जोडीदार पाय मुरगळून घरी बसली होती. "दोन वाजेपर्यंत सांग," ती म्हणाली होती. "नाहीतर मी दुसरी शोधते."

हे सगळं मी बाईंना सांगितलं. सांगताना आवाज चढत गेला. "हे माझ्यासाठी नाही, बाई. खरंच नाही. गुरलीनबरोबर मी जिंकू शकते. जिंकले तर लोक ऐकतील माझं. इथे, याच गावात, मुलींसाठी मोठी अकादमी उभी करता येईल. चार कोर्टं. ज्या मुलींकडे कुणी बघत नाही, त्या—"

"शेण पातळ झालं," बाई म्हणाल्या. "माती घाल दोन मुठी."

मी माती घातली. मला रडू येत होतं की राग, ते समजत नव्हतं.

"बाई, तुम्ही आणि नलूताई राष्ट्रीय स्पर्धेत खेळलात. दोनदा जिंकलात. मधल्या चेंडूचा तुमचा नियम काय होता? तेवढं तरी सांगा."

"आम्ही दोघी मारायचो."

"आलटूनपालटून?"

"नाही ग. दोघी. एकदमच."

"एकाच चेंडूला?"

"हं. पाच रॅकेटी फुटल्या. नलूच्या भुवईवर खूण होती, ती माझीच."

"आणि चेंडू?"

"कधी पलीकडे जायचा. कधी नाही."

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. त्या चेष्टा करत होत्या असं चेहऱ्यावरून दिसत नव्हतं. पण हे काही शास्त्र नव्हतं. अशाने कुणी दोनदा राष्ट्रीय स्पर्धा जिंकत नाही. पण त्या जिंकल्या होत्या.

तेवढ्यात फाटक वाजलं. रेश्मा आली. दोन्ही हातांत पाण्याचे कॅन, ओढणी कमरेला खोचलेली. ती रोज सकाळी इथे मुलींना शिकवते, आणि गुरुवारी सारवायला थांबते. मी येणार आहे हे मी तिला कळवलं नव्हतं.

"अगोबाई, परदेशी पाहुण्या!" ती म्हणाली. "आज शेणात हात? तुझ्या त्या वहीत आहे का याचा नियम?"

"रेश्मा, मी तुला फोन करणारच होते..."

"केलास तरी लागला नसता, केतकी. तुझा सारखा व्यस्त असतो म्हणे. दिल्लीशी."

मी बाईंकडे पाहिलं. बाई बादली ढवळत होत्या.

"तुला कुणी सांगितलं?"

"तिनेच स्टेटस टाकलंय. नवी जोडीदार, नवी सुरुवात, आणि पुढे चेंडूची तीन चित्रं. सगळ्या गावाला माहीत आहे. मीच तेवढी वाट बघत होते, तू कधी सांगतेस."

"मी अजून हो म्हटलेलं नाही."

"नाहीपण म्हटलेलं नाहीस."

"हे फक्त खेळापुरतं आहे ग. तुला समजून घ्यावं लागेल. मला इथे काहीतरी मोठं उभं करायचंय. तुझ्यासारख्या मुलींसाठी."

रेश्माने कॅन खाली ठेवले. हसली.

"म्हणजे माझ्यासारख्या मुलींसाठी तू मला सोडणार."

बसमध्ये मी सहा तास उत्तरंच तयार करत होते. हे वाक्य मी धरलंच नव्हतं.

"झालं का?" बाई म्हणाल्या. "ऊन चढतंय. मोठा भाग मी सकाळी झाडूनं सारवून घेतलाय. बेसलाइनचा पट्टा राहिलाय. तो हातानेच करावा लागतो. तिथेच तुम्ही पाय घासता."

त्यांनी काल्याच्या दोन बादल्या केल्या. एक पट्ट्याच्या उजव्या टोकाला ठेवली, एक डाव्या.

"तू तिकडून. ही इकडून. मधे भेटा."

सारवण मी लहानपणी केलं होतं. हात विसरला नव्हता. काला ओतायचा, पंज्याने पसरायचा, अर्धगोल फिरवायचा, एक पाऊल सरकायचं. गुडघ्यावर बसून मी पुढे सरकत होते. पलीकडून रेश्मा येत होती. तिचा हात माझ्याहून भरभर चालत होता. मला तेवढंही सहन होईना. मी वेग वाढवला.

बेसलाइनच्या मधोमध बोटभर लांबीची एक पांढरी खूण असते. सर्व्हिस कुठल्या बाजूने करायची ते तिच्यावरून ठरतं. मी त्या खुणेपाशी पोचले आणि थांबले. कड नीट सरळ केली. बोटाने रेघ ओढल्यासारखी.

रेश्माचा हात खुणेच्या पलीकडे, माझ्या ओल्या भागावर आला.

"इथपर्यंत माझं झालंय," मी म्हणाले. "तुझं तिकडे."

तिचा हात हवेत थांबला.

"बरं," ती म्हणाली. "तुझं तुला."

तिनेही आपली कड सरळ केली. अगदी सरळ. माझ्याहून सरळ.

आम्ही हात धुतले. सावलीतल्या बाकावर बाईंनी डबा उघडला. भाकरी, लसणाची चटणी. बाकाच्या एका टोकाला मी बसले, दुसऱ्या टोकाला रेश्मा. मधे बाई.

निलगिरीची पानं डोक्यावरच्या पत्र्यावर पडत होती.

"लहान होतो तेव्हा," रेश्मा एकदम म्हणाली, माझ्याकडे न बघता, "आपण कधी ओरडायचो का ग, माझा, तुझा?"

मी आठवून पाहिलं.

"नाही."

"मधले चेंडू सुटायचे का?"

"...आठवत नाही."

"मलाही आठवत नाही. सुटले असते तर आठवलं असतं."

"तेव्हा खेळ सोपा होता, रेश्मा. चेंडू सावकाश यायचे."

"तो पण सावकाशच होता."

मी भाकरीचा तुकडा हातात धरून बसले. "मग तू का सोडलास? फोरहँड तुझा होता."

"तुझ्या वहीतलं सगळं मला पाठ आहे. मी पाऊल उचललंसुद्धा. मग तुझ्याकडे बघितलं. वाटलं, मी घेतला आणि चुकला, तर तू काही बोलणार नाहीस. नुसती वहीत लिहिशील." तिने भाकरी मोडली. "आणि तू? तू का सोडलास?"

"तुझा होता म्हणून."

"तू घेऊ शकत होतीस?"

घेऊ शकत होते. दोन पावलांवर होता. तिला ते माहीत होतं.

"बाई," मी म्हणाले, "तुम्ही काहीतरी बोला."

"चटणी तिखट झालीय," बाई म्हणाल्या.

फोन वाजला. गुरलीन. मी तो बंद केला नाही, उचललाही नाही. वाजून वाजून थांबला. पावणेदोन झाले होते.

बाई उठल्या, कोर्टाकडे गेल्या. पट्ट्यापाशी वाकून उभ्या राहिल्या.

"इकडे या ग दोघी."

आम्ही गेलो. उन्हाने सारवण सुकून फिकट झालं होतं. माझा भाग एकसारखा, गुळगुळीत. रेश्माचा भाग एकसारखा, गुळगुळीत. आणि मधे, त्या पांढऱ्या खुणेपासून मागे, हातभर लांब भेग पडली होती. करंगळीचं टोक जाईल एवढी.

"ही कुणाची?" बाईंनी विचारलं.

मी खाली बसून पाहिलं. माझ्या कडेला तडा नव्हता. तिच्याही कडेला नव्हता.

"माझी नाही," मी म्हणाले.

"माझीपण नाही," रेश्मा म्हणाली.

"मग सकाळी कुणीतरी बाहेरची बाई येऊन पाडून गेली असेल." बाईंनी उरलेल्या काल्याची बादली आणून भेगेपाशी ठेवली. "लवकर बुजवा. ऊन आहे. काला आवळत चाललाय."

मी बादलीत हात घातला. त्याच क्षणी रेश्मानेही घातला. बोटांवर बोटं आपटली. आम्ही दोघींनी हात मागे घेतले.

"घे तू," मी म्हणाले.

"नको. तू घे."

"तुझ्या बाजूला जास्त आहे."

"मधे आहे. तूच घे. तुझा नियम आहे ना सगळ्याला?"

"रेश्मा, मी मनापासून म्हणतेय, घे तू."

"मीपण मनापासूनच म्हणतेय."

बादलीतल्या काल्यावर साय धरायला लागली होती.

"हापण गेला," बाई म्हणाल्या.

मला काहीच कळेना. नियमाप्रमाणे चेंडू तिचा होता, म्हणून मी सोडला. यात चूक कुठे होती? मी तिचा हक्क पाळला. तिने माझा पाळला. दोघी बरोबर होतो. दोघी बरोबर असताना हे काय पडलं होतं मधे, हातभर लांब?

मी रागाने मूठभर काला उचलला आणि भेगेवर आपटला. थांबून कुणाकडे पाहिलं नाही. रेश्मानेही मूठभर आपटला, माझ्या हातावरच. शिंतोडे तोंडावर उडाले.

"तुझा हात काढ," ती म्हणाली.

"तू काढ."

"आधी तू घातलास."

"वरून तू घातलास!"

कुणीच काढला नाही. मी तळहात तिच्या भागावर नेला, तिने माझ्या भागावर. सुकलेलं सारवण ओलं करून पुन्हा घासावं लागत होतं. माझी सकाळची सरळ कड पुसली गेली. तिचीही. तिचं कोपर माझ्या बरगडीत लागलं. माझं डोकं तिच्या हनुवटीवर आपटलं.

"आई ग! भुवई फोडतेस का?"

"थांबू नकोस, वाळतंय!"

ती हसायला लागली. मला हसू येत नव्हतं. मग आलं. कशाचं ते सांगता येणार नाही.

फोन वाजला.

तो बाकावर होता, दहा पावलांवर. दोन वाजत आले होते. मी मान वर केली. आता उठले असते, तर पोचले असते. हात पुसून, श्वास घेऊन, हो म्हणायला पुरेसा वेळ होता. अकादमीची चार कोर्टं मला अजूनही स्पष्ट दिसत होती. ती खोटी नव्हती. ती मला आजही खोटी वाटत नाहीत.

पण आम्ही मध्यावर होतो. एकीने हात काढला असता तर दुसरीचा काला सुटा पडला असता, आणि पुन्हा तिथेच भेग.

रेश्मा हसायची थांबली होती. तिचा हातही मंदावला. ती माझ्याकडे पाहत होती. त्या दिवशी पाहिलं होतं तसंच.

"बाई," मी म्हणाले. "मी काय करू?"

बाई बाकाकडे गेल्या. चष्मा लावला. फोन हातात घेऊन उलटसुलट पाहिला. तो वाजतच होता.

मी उठले नाही. मी ठरवून बसून राहिले असं म्हणायला मला आवडलं असतं. पण ठरवलं काहीच नव्हतं. माझा हात रेश्माच्या हाताखाली होता आणि काला आवळत होता, एवढंच.

बाईंनी कुठलंतरी बटण दाबलं आणि कोण म्हणून विचारलं. गुरलीनचा आवाज कोर्टावर मोठ्याने घुमला. हिंदीत, घाईघाईने. दोन वाजलेत, केतकी कुठे आहे, केतकी आहे की नाही तिथे?

बाई फोन धरून सावकाश आमच्यापाशी आल्या. वाकून त्यांनी खाली पाहिलं. चार हात, मनगटापर्यंत एकाच रंगाचे, एकमेकांत गुंतलेले.

मग फोन तोंडाजवळ नेला.

"असावी," बाई म्हणाल्या. "वाळल्यावर कळेल."